नवरीच्या होडीच्या बॅटऱ्या

शाकीर मस्कतहून पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा जीपच्या टपावर त्याच्या बॅगांशेजारी एक लांबट खोकं बांधलेलं होतं. गावातल्या पोरांना वाटलं, टीव्ही आला. खोकं अंगणात उघडलं तर आतून निघाली एक मोटर. वर धरायला मूठ, मधे लांब नळी आणि खाली छोटासा पंखा.

“ही होडीला मागनं अडकवायची,” शाकीर आईबापांना सांगू लागला. “बॅटरीवर चालती. डिझेल न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई. तिकडं हौशी लोक हिच्यावर गळ टाकत फिरत्यात.”

दौंड तालुक्याच्या पार पूर्वेला, धरणामुळं भीमेचं पाणी जिथं ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पसरलंय, तिथलं हे गाव. शाकीरचा बाप रशीद आणि आई सुलतानबी, दोघं मिळून मासे धरत. रशीद वल्हवायचा, सुलतानबी जाळी सोडायची आणि ओढायची. तिचं माहेर शिरूरचं. घोडनदीत डुंबत वाढलेली बाई, तिला पाण्याचं भय असं कधी वाटलंच नाही. घरात ही माणसं दखनीत बोलत, पण होडीचा विषय निघाला की आपोआप मराठीवर येत. पाण्यावरचं सगळं शिक्षण त्यांचं मराठीतच झालेलं होतं.

रशीदचा उजवा खांदा वल्हवून वल्हवून धरला होता. त्या कुशीवर त्याला झोपता येत नसे. पोरानं मोटर आणली ती त्याचसाठी, पण हे बोलून दाखवलेलं रशीदला रुचलं नाही.

“मला वल्हं कळतं,” तो म्हणाला. “ह्या पंख्याला हात लावायचा तर तुझ्या आईनं लावावा.”

तो चेष्टेनं बोलला होता. सुलतानबीनं पदर खोचला आणि पोराला विचारलं, “कुठली कळ दाबायची?”

मोटरला दोन बॅटऱ्या लागत, एकीला एक जोडून. दौंडहून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणल्या, होडीच्या मधोमध लाकडी पेटीत बसवल्या. पहिल्या दिवशी काठावर सगळं गाव गोळा झालं. सुलतानबी मागच्या फळीवर बसली, मूठ पिळली आणि होडी काही न बोलता निघाली. वल्ह्याचा छपछप आवाज नाही, कसला धक्का नाही. धुणं धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले. कुणीतरी काठावरून ओरडलं, “चाची, होडी चालतीय का नुसती वाहतीय?”

“तू पळत ये काठानं, म्हंजी कळंल,” सुलतानबी म्हणाली.

त्या वर्षी तिचं नाव पंखेवाली चाची पडलं, ते दोन्ही काठांवर. आता ती मागं बसून होडी चालवायची आणि रशीद पुढं बसून जाळी सांभाळायचा. जाळं ओढायला डावा हात जास्त लागायचा, त्यामुळं त्याच्या खांद्यालाही आराम पडला. एका चार्जिंगमध्ये ते पाण्यात वठून उभ्या असलेल्या बाभळींची रांग ओलांडून पलीकडच्या पंपहाऊसपर्यंत जात, तिथल्या खोल पाण्यात जाळी लावून परत येत, तरी बॅटरीत जीव शिल्लक असायचा. पंपहाऊसच्या बाजूचा कटला मासा मोठा असे. सुलतानबी परत येताना पाठ ताठ करून बसायची. काठ जवळ आला की पदर नीट करायची. तिला बघणारी माणसं आहेत, हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला आवडत होतं.

दुसऱ्या थंडीत काहीतरी बिघडायला लागलं. आधी तिला ते बरंच वाटलं, कारण बॅटऱ्या लवकर भरायला लागल्या. पूर्वी चार्जिंगला अख्खी रात्र लागे, आता निजायच्या आधीच काम होई. मग लक्षात आलं की त्या जितक्या लवकर भरतात तितक्याच लवकर संपतात. पाणी सारखं घालावं लागे. एका बॅटरीचं पोट चार्ज होताना हाताला चांगलंच गरम लागे, दुसरीचं तेवढं नाही. आणि येताना बाभळीपाशी पोचलं की मोटरचा सूर खाली यायचा, जसा दमलेल्या माणसाचा येतो. जरा वेळ बंद ठेवली की पुन्हा चालायची, पण तेवढ्यापुरतीच.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रशीदला तर नाहीच. वल्ह्याला चार्जिंग लागत नाही, असं तो एकदा जरी म्हणाला असता तरी तिला ते सहन झालं नसतं. म्हणून ती पंपहाऊसकडं जायचं टाळायला लागली. “आज पल्याड वारं असंल,” म्हणायची. “आज बाभळीतच बघू.” मूठ अर्धीच पिळायची. जाळी कमी घ्यायची, म्हणजे ओझं कमी. बाभळीत बारकी चिलापीच जास्त लागायची, कटला दिसेनासा झाला. रशीद पुढं बसून जाळं सोडायचा आणि काही म्हणायचा नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी तिचाच हट्ट तिला नडला. पंपहाऊसकडं दुसऱ्या लोकांना मोठा मासा लागल्याचं ऐकलं आणि ती निघाली. जाताना ठीक गेलं. परत फिरल्यावर समोरून वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या आणि भर पाण्यात मोटर बंद पडली. तिनं मूठ पिळली, सोडली, पुन्हा पिळली. पंखा जागचा हलला नाही. होडी आडवी झाली आणि लाटेचं पाणी आत यायला लागलं.

रशीद उठला. जाळ्याखालून त्यानं वल्ही काढली, अडकवली, आणि होडीचं तोंड वाऱ्याला लावलं. काही वेळानं त्याचा उजवा हात उचलेना. सुलतानबी सरकत पुढं आली, त्याच्या शेजारी बसली आणि एक वल्हं तिनं घेतलं. दोघं जोडीनं वल्हवत राहिली. बाभळीच्या आडोशाला आल्यावर वारा कमी झाला, तेव्हा कुठं दोघांना दम खाता आला.

“बॅटरी गेली,” सुलतानबी म्हणाली.

“आज न्हाई गेली,” रशीद म्हणाला. “दिवाळीपास्नंच चाललीय.”

तिनं वल्हं आडवं ठेवलं. “तुम्हाला म्हाईत व्हतं?”

“मी पुढं बसतो. मला बाभळी दिसत्यात. पयले त्या भराभरा मागं जायच्या. आता एकेक बाभळ माझ्याशी गप्पा मारून जाती.”

“मग बोलला का न्हाई?”

रशीदनं खांदा चोळला. “तू मागं बसतीस तवा लई ताठ बसतीस. म्हटलं, बसू दे.”

सुलतानबीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. “आज दोघं बुडालो असतो,” ती म्हणाली. “माझं ताठ बसणं काय जिवापरीस मोठं हाय व्हय? पुन्हा असं काय दिसलं, आन् तुम्ही गप बसला, तर मी ह्या होडीत पाय ठेवायची न्हाई.”

“आन् तू लपवलंस तर?”

तिनं वल्हं पुन्हा पाण्यात टाकलं. “न्हाई लपवणार,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या जीपमध्ये टाकून ती स्वतः दौंडला गेली. स्टेशनच्या बाजूला जयसिंगचं बॅटरीचं दुकान होतं. जयसिंग बडबड्या पण मनाचा मोकळा माणूस. त्यानं मीटर लावला आणि म्हणाला, “चाची, ह्या तर भरल्यात.”

“भरल्यात हे मला बी म्हाईत हाय. दम किती हाय ते बघा.”

तेव्हा त्यानं आतून दुसरं यंत्र आणलं, जाड तारेची गुंडाळी असलेलं. ते लावल्यावर बॅटरीला खरोखरीचं ओझं ओढावं लागे. काटा झपकन खाली आला. मग काचेच्या नळीनं त्यानं बॅटरीच्या एकेका घरातलं, म्हणजे कप्प्यातलं, पाणी ओढून दाखवलं. एका घराच्या पाण्यात नळीतला छोटा गोळा वर तरंगला, शेजारच्या घराच्या पाण्यात तो पार तळाला बसला.

“हे घर मेलंय,” जयसिंग म्हणाला. “आन् एक घर मेलं की बाकीची त्याच्यापायी मरत्यात. पण चूक तुमची न्हाई. ट्रॅक्टरची बॅटरी एक झटका द्यायला असती. तुम्ही तिला दिवसभर राबवताय. तुम्हाला इन्व्हर्टरची पायजे, जाड पट्ट्यांची.”

“एकच बदलली तर?”

“जुनी बसंल नवीच्या डोक्यावर. दोन्ही बदला.”

सुलतानबीनं त्याला आणखी बरंच विचारलं. पाणी कुठवर घालायचं, निम्म्याच्या खाली उतरू दिली तर काय होतं, न वापरता ठेवली तर काय होतं. जयसिंगचा चहा दोनदा गार झाला. शेवटी त्यानं काचेची एक नळी तिला देऊन टाकली. “घ्या. माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागंल.”

नव्या बॅटऱ्या जड होत्या, पण दमदार निघाल्या. सुलतानबी आता त्यांच्याशी वेगळी वागायला लागली. दर थंडीच्या सुरुवातीला, वारा नसेल अशा सकाळी, ती होडीत ठराविक ओझं घ्यायची, मूठ पूर्ण पिळायची आणि थेट पंपहाऊसपर्यंत जाऊन यायची. मासे धरायला नाही, फक्त बॅटऱ्यांचा दम बघायला. रशीद पुढं बसायचा आणि बाभळी बघायचा. परत आल्यावर ती विचारायची, “काय म्हनत्यात बाभळी?” तो सांगायचा. त्यात आता दोघांचीही लपवालपवी नव्हती. एव्हाना गावातल्या आणखी काही होड्यांना मोटरी लागल्या होत्या, पण बॅटरीबद्दल विचारायचं तर सगळे सुलतानबीकडंच येत.

चार वर्षं अशी गेली. शाकीरचं लग्न ठरलं. मुलगी नाझिया, पलीकडच्या काठावरच्या गावातली. पाण्यावरून अर्ध्या तासाचा रस्ता, पण गाडीनं जायचं तर पुलापर्यंत फिरून सगळी दुपार जाई. सुलतानबीनं मनाशी ठरवलं होतं की सून आणायची ती आपल्या होडीतून, आणि होडी आपणच चालवायची. आजवर ह्या पाण्यावर अशी नवरी कुणी आणली नव्हती.

नाझियाचे वडील चांदभाई. उभा जन्म त्यांनी जीप चालवली होती. बोलणी झाल्यावर चहा पिता पिता सुलतानबीनं होडीचं काढलं. चांदभाईंनी कप खाली ठेवला.

“भाभी, लेक माझी एकच हाय,” ते म्हणाले. “पाण्याचं मला काय कळत न्हाई. पण गाडीचं कळतं. बॅटऱ्या किती जुन्या हायेत?”

“चार वर्षांच्या.”

“चांगल्या हायेत?”

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. गेल्याच महिन्यात ती त्यांच्यावर पंपहाऊसला जाऊन आली होती. पण तिच्या तोंडातून हो निघेना. दोन आठवड्यांपूर्वी काचनळीत तिला एका बॅटरीची दोन घरं इतरांपेक्षा जराशी मागं दिसली होती. जराशीच. पाणीही थोडं जास्त लागत होतं. आणि रशीद म्हणाला होता, “बाभळी अजून बोलत न्हाईत, पण तोंड उघडायला लागल्यात.”

“तुमची लेक बसंल तवा चांगल्याच असतील,” सुलतानबी म्हणाली.

चांदभाईंनी कप पुन्हा उचलला. “तुम्ही स्वतः चालवणार ना?”

“दुसऱ्या कुणाला मी मुठीला हात लावू देत न्हाई.”

“मग माझी ना न्हाई,” चांदभाई म्हणाले.

घरी परतताना होडीतच तिनं रशीदला सांगितलं, “बॅटऱ्या बदलायच्या.”

ह्यावर मात्र सगळे तिच्या विरोधात गेले. शाकीर फोनवर म्हणाला, “अम्मी, अजून एक सीझन आरामात जातील.” जयसिंगनं दोन्ही बॅटऱ्या तपासल्या, काटा बघितला आणि मान हलवली. “चाची, मी दुकानदार हाय. मला इकायला काय जातंय? पण खरं सांगतो, ह्या अजून चालतील.”

“चालतील,” सुलतानबी म्हणाली. “मी कुठं न्हाई म्हनते? पण कुठवर चालतील हे तुम्ही सांगू शकता का?”

“ते कोन सांगनार?”

“मग झालं. आम्हाला नुसते मासे धरायचे असते तर वापरल्या असत्या. एखाद्या दिवशी वल्हवत आलो असतो. बंद पडल्यावर बदलायची ती दुरुस्ती झाली. मला दुरुस्ती करायची न्हाई.”

जयसिंगनं नव्या दोन बॅटऱ्या काढल्या. त्यानं त्या दुकानातच भरून, दोन दिवस ठेवून, पुन्हा तपासून दिल्या. सुलतानबीनं घरी आणून एक आठवडा त्या रोज पाण्यावर राबवल्या, मगच तिचं समाधान झालं. जुन्या बॅटऱ्या तिनं फेकल्या नाहीत. पडवीत फळीवर ठेवल्या.

निकाहाच्या दिवशी सकाळी वरातीच्या होड्या पलीकडं गेल्या. वल्ह्याच्या होड्या आधी सुटल्या, मोटरीच्या मागून. सगळ्यांच्या मागं सुलतानबी. रशीदनं होडीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि पुढं नवा गालिचा अंथरला होता. निकाह झाला, जेवणं झाली आणि निघायला दुपार टळून गेली. चांदभाईंनी लेकीला हाताला धरून होडीत बसवलं. नाझियानं बुरखा सावरला आणि दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली. तिच्या आईला रडू आवरेना.

होड्या निम्म्या पाण्यात आल्या आणि पश्चिमेकडून वारा सुटला. वादळ वगैरे काही नव्हतं, रोजचा दुपारनंतरचा वारा, पण लाटा चांगल्या उठल्या. वल्ह्याच्या होड्या मागं रेंगाळायला लागल्या. नाझियानं डोळे मिटले.

“भ्यायली का?” सुलतानबीनं विचारलं.

“थोडी,” नाझिया म्हणाली.

“समोर बघ. तुझ्या सासऱ्याच्या डोक्यावरनं बाभळी दिसत्यात न्हवं? त्या बघत बस. त्या किती भरभर मागं जात्यात ते मला सांग.”

नाझियानं डोळे उघडले. थोड्या वेळानं तिनं फळीवरचा एक हात काढला. “भरभर जात्यात,” ती म्हणाली.

रशीदनं वळून बघितलं आणि हसला. सुलतानबीनं मूठ आणखी पिळली. मोटरचा सूर जिथं होता तिथंच राहिला, तसूभर खाली आला नाही. लाटा कापत होडी सरळ निघाली, आणि शाकीर आपल्या बायकोशेजारी बसून आईकडं असा बघत होता की जणू ही मोटर त्यानं आणलीच नव्हती, आईनंच कुठूनतरी घडवून आणली होती. काठावर सगळं गाव उभं होतं. बँडबाजा वाजत होता. होडी वाळूला लागली तेव्हा सुलतानबी उठली नाही. सून उतरेपर्यंत, तिच्या पायाला पाणी लागणार नाही अशी होडी स्थिर धरून ती तशीच ताठ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी वलीमा होता, नवऱ्याकडचं लग्नाचं जेवण. अंगणात मांडव. अंधार पडताच लाइट गेली, ती जायचीच होती. त्या वर्षी लोडशेडिंगला सुट्टी नव्हती. पण सुलतानबीनं त्याची सोय करून ठेवली होती. पडवीतल्या जुन्या बॅटऱ्यांवर तिनं मांडवात गाडीचे बल्ब जोडून घेतले होते. बल्ब लागले आणि शेवटची पंगत उठेपर्यंत एकसारखे जळत राहिले.

जयसिंग दौंडहून खास आला होता. तो बल्बकडं बोट दाखवून म्हणाला, “बघा! ह्याच त्या बॅटऱ्या. चाचींनी बाद केलेल्या. मी म्हनत व्हतो का न्हाई?”

पंगतीत हशा पिकला. चांदभाईही हसले. “भाभी, ह्या तर झकास चालल्यात,” ते म्हणाले. “उगाच बदलल्या.”

सुलतानबी वाढायचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. तिनं त्यांच्या ताटात बिर्याणी वाढली.

“बल्बला चांगल्या हायेत, चांदभाई,” ती म्हणाली. “तुमच्या लेकीला चांगल्या न्हवत्या.”

चांदभाईंचा हात ताटातच राहिला. त्यांनी मान खाली घातली, आणि मग शेजारी बसलेल्या आपल्या भावाला हळूच म्हणाले, “पोरगी चांगल्या घरी पडली.” रशीद पलीकडं पाण्याचे पेले भरत होता. त्यानं ते ऐकलं आणि पेले भरायचे विसरून तो उभाच राहिला.

पुढं कित्येक दिवस रशीद ही गोष्ट मासळी बाजारात, जीपमध्ये, एसटी स्टँडवर, शिरूरला सासरवाडीत, भेटेल त्याला सांगत राहिला. सांगता सांगता वारा मोठा होत गेला, लाटा होडीएवढ्या झाल्या. पण सुलतानबीचं वाक्य मात्र तो जसंच्या तसं सांगायचा. त्यात त्यानं एक अक्षर घातलं नाही की काढलं नाही.

“एवढं सांगायसारखं काय हाय त्यात?” सुलतानबी म्हणायची. पण तो सांगत असताना ती कधी उठून गेली नाही. शेवटपर्यंत ऐकायची, आणि मग कामाला लागायची.